आप्पांनी पाहिलेला भुताचा खेळ

आप्पा,

निपाणीला तंबूतला सिनेमा आला त्या वर्षी मी मराठी चौथीत होते आणि तुमचे केस अजून सगळे काळे होते. तंबाखूचा हंगाम सरत आला होता. वखारींच्या मागं जो माळ होता, जिथं एरवी पानांच्या गाड्या सोडत, तिथं एक मळकट पांढरा तंबू उभा राहिला. त्याच्या कडेला एक इंजिन येऊन बसलं आणि त्याची धडधड थेट आपल्या परसापर्यंत ऐकू यायला लागली. आई म्हणाली, आता कोंबड्या अंडी घालायच्या बंद होणार. मग एक बैलगाडी गावातून फिरली. तिच्या दोन्ही अंगांना रंगवलेले फलक बांधले होते आणि वर बसलेला माणूस हलगी वाजवून ओरडत होता. तो मराठीत ‘भूत’ म्हणायचा, लगेच कानडीत ‘देव्वा’ म्हणायचा आणि दोन्ही वेळा सारखेच डोळे वटारायचा. फलकावर पांढऱ्या लुगड्यातली, पांढरे केस मोकळे सोडलेली एक बाई हात पुढं करून उभी होती. आपल्या मिशनच्या शाळेतली सगळी पोरं त्या गाडीमागून बाजारपेठेच्या शेवटापर्यंत धावली. त्यात पाळकसाहेबांची मुलगी, म्हणजे मी, सर्वांत पुढं होते, हे तुम्हाला संध्याकाळच्या आत तीन घरांतून कळलं. तुम्ही मला काही बोलला नाहीत. फक्त विचारलंत, फलक कुणी रंगवलाय, हात बरा काढलाय का?

दुसऱ्या दिवशी दिवाणजी आपल्या सोप्यात येऊन बसले. ते वखारीत दिवाणजी होते आणि आपल्या ख्रिस्ती देवळाच्या पंचांत सगळ्यांत वडील. त्यांच्याबरोबर आणखी दोघं आले होते, पण बोलणं दिवाणजींचंच. मी आतल्या दाराआड पाट पुसत बसले होते. तो पाट मी इतका वेळ पुसला की आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. पंचांचं म्हणणं असं की येत्या रविवारी तुम्ही देवळात उभं राहून सांगावं, ख्रिस्ती घरातलं एकही पोर त्या तंबूत दिसता कामा नये. तुम्ही विचारलंत, खेळात आहे तरी काय? ते त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. भूत आहे एवढं ठाऊक होतं. तुम्ही हसायला लागलात, आणि मग दिवाणजी जे बोलले त्यानं तुमचं हसू थांबलं.

“पाळकसाहेब, मला ल्हानपणी भूत लागलं म्हणून भगताकडं नेलतं. त्यानं वेतानं मारलं, मिरच्यांची धुरी दिली. भूत न्हवतं, साधा ताप हुता. आमच्या घरात तिन्हीसांजंचं कोण परसात जात न्हवतं, एवढं भ्या. त्या भ्यातनं सुटाय मिळालं म्हणून आमी येशूकडं आलो. आता तेच भ्या पोरांनी तिकीट काढून परत घरात आणायचं काय?”

मला आठवतं, तुम्ही मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवलीत, आणि मग पुन्हा मांडीवर घेतलीत. शेवटी म्हणालात, दिवाणजी, तुमच्या बोलण्यात खोटं काही नाही. पण न पाहिलेल्या गोष्टीला देवळात उभं राहून पाप म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी आधी पाहून येतो. दिवाणजींना वाटलं आपण नीट ऐकलं नसावं. पाळकानं तंबूत जायचं? तुम्ही म्हणालात, मग कुणी जायचं, पोरांना पुढं पाठवू का?

बाजाराच्या दिवशी दिवेलागणीच्या खेळाला तुम्ही गेलात. आईनं पांढरा लांब कोट स्वतः इस्त्री करून दिला, रुमाल बांधून दिला आणि मग हळूच सांगितलं, जाताच आहात तर वखारीच्या मागल्या वाटेनं जा. तुम्ही छत्री घेतलीत, पाऊस नसताना, आणि भर पेठेतून गेलात. ओळखीचा जो भेटेल त्याला सलाम करत, कुठं निघालात असं विचारणाऱ्याला सरळ सांगत. आमच्या शाळेची निम्मी पोरं अंतर ठेवून मागं होती. तंबूचा मालक बाहेर धावत आला. त्याला वाटलं, हे मिशनचे लोक तंबू उठवायला आलेत. तुम्ही तिकीट मागितलंत तेव्हा त्यानं आपली स्वतःची खुर्ची आत नेऊन पुढं मांडली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात जे झालं ते मी कितीदा सांगितलंय, माझ्या मुलीला ते आता माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं. आई चुलीपुढं भाकऱ्या थापते आहे. तुम्ही आत येता, रुमाल काढता आणि पाटावर बसता. आई मान वर न करता विचारते, काय मग, पाप आहे का? तुम्ही म्हणता, ते नंतर बघू, आधी पाणी दे. मग तुम्ही उठता, दोरीवरचं पांढरं धोतर ओढून डोक्यावर घेता आणि भूत कसं झाडामागून येतं ते करून दाखवता, एक हात पुढं, बोटं वाकडी. “आणि मी शेजारच्या माणसाचा हात धरला,” तुम्ही धोतराखालून सांगता. “पेठेतला कापडवाला. तो माझ्याहून भ्यालेला. दोघं हातात हात घालून बसलो होतो, दिवे लागल्यावर सोडला.” आई इतकी हसते की परातीतलं पीठ तिच्या नाकाला लागतं आणि तव्यावरची भाकरी करपते. मी ती करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पाळक भितो हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळं तुमची भीती वाटायची ती मात्र कमी झाली.

रविवारी देऊळ भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते, कारण पाळकसाहेब भूत पाहून आलेत ही बातमी गावभर झाली होती. तुम्ही गोष्ट सांगितलीत. येशूचे शिष्य होडीत होते, वारं सुटलं होतं, आणि पाण्यावरून कुणीतरी चालत येताना दिसलं. ते भूत आहे असं वाटून ती मोठी माणसं ओरडली. कोळी लोक, रात्रंदिवस पाण्यावर राहणारे. आणि तो होता कोण, तर त्यांचा सगळ्यांत जवळचा मित्र. तो त्यांना भ्याल्याबद्दल रागे भरला नाही, त्यानं आधी सांगितलं, मी आहे. तुम्ही म्हणालात, भिणं हे पाप असतं तर ही गोष्ट पवित्र शास्त्रात आलीच नसती. एका राजानं मेलेल्या संदेष्ट्याला उठवायला लावलं, ती गोष्टही आपल्याकडं आहे, आणि आपण ती रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना सांगतो, पण कुणीतरी जवळ बसून सांगतो. तेवढाच फरक. म्हणून तुमचा निकाल असा होता की लहानग्यांनी जाऊ नये, चौथीपासून पुढच्यांनी जावं वाटलं तर जावं, पण घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं पाहिजे. खेळ संपल्यावर त्या माणसानं पोरांशी त्याबद्दल बोललं पाहिजे, तोंड मिटून घरी यायचं नाही. दिवाणजी पुढच्या बाकावर होते. त्यांनी गीताचं पुस्तक मिटून ठेवलं आणि शेवटच्या गीताला ते उभे राहिले, पण गायले नाहीत.

आम्ही गेलो. तुम्ही पुन्हा तिकीट काढून आलात, बरोबर आम्ही शाळेची सात-आठ पोरं. त्या खेळाइतकी मजा मला नंतर कुठल्याही खेळात आली नाही. चित्रं मुकी होती. पडद्यावर अक्षरं आली की कडेला उभा असलेला माणूस ती मराठीत वाचायचा, मग कानडीत सांगायचा, आणि कानडी होईपर्यंत चित्र पुढं गेलेलं असायचं. भूत आलं की पेटीवाला दोन्ही हातांनी साऱ्या पट्ट्या एकदम दाबायचा. गोष्ट एका इनामदाराची होती. त्यानं आपल्या विधवा चुलतीला घराबाहेर काढलं, ती झाडाखाली उपाशी मेली आणि मग पांढऱ्या लुगड्यात परत आली. नेमकी ती झाडामागून निघाली तेव्हा तंबूत कुणाला तरी तंबाखूची शिंक आली, आणि मग निपाणीच ती, एकामागून एक सगळेच शिंकायला लागले. मी तुमचा कोट तोंडावर ओढून एका डोळ्यानं पाहत होते. घरी येताना तुम्ही आम्हाला इनामदाराबद्दल विचारलंत, त्यानं काय करायला हवं होतं वगैरे. आम्ही उत्तरं दिली. रात्री मी झोपले, कसलंही स्वप्न पडलं नाही. तुम्ही खूश होतात. आईला म्हणालात, बघ, काही झालं नाही.

झालं ते रविवारी.

थोरल्या आक्कांबद्दल इथं लिहायला हवं, कारण तुम्हाला त्या ठाऊक आहेत, पण माझ्या मुलीला नाहीत, आणि लिहिताना मला तीच समोर दिसते आहे. देवळामागच्या बोळात त्या एकट्या राहायच्या. आठवडाभर वखारीत पानं निवडायच्या, आणि रविवारी आपल्या देवळाबाहेर टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा वाजवायच्या, कारण घंटा घ्यायची आपली ऐपत नव्हती. माहेर हुक्केरीकडचं, कानडी, त्यामुळं ठेच लागली की तोंडून ‘अय्यो शिवने’ निघायचं, आणि मग त्या जीभ चावून दिवाणजी जवळपास आहेत का ते पाहायच्या. एका डोळ्यात सारा पडलेला, बुबुळ पांढरं झालेलं. तंबाखूची धूळ घालवायला त्या रविवारी पहाटे शिकेकाईनं न्हायच्या आणि केस वाळेपर्यंत मोकळे सोडून देवळाच्या दाराशी बसायच्या. पांढरेशुभ्र केस, कमरेपर्यंत. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीची वेणी, रिबीन, पदर त्या नीट करायच्या. हे मी पाळण्यात असल्यापासून चालू होतं.

त्या रविवारी मला उशीर झाला होता. तुमचा उपदेश सुरू झाला होता. मी हळूच दारातून आत सरकते आहे, आणि कडेच्या अंधारातून एक हात माझ्या मानेकडं येतो, त्यामागं पांढरे केस, आणि पांढरा डोळा. आक्का म्हणत होत्या, रिबीन सुटलीया बाय तुजी. मी किंचाळले. इतक्या जोरानं की बाकावरची सगळी पोरं वळली, त्यांनीही तेच पाहिलं जे मी पाहिलं होतं, आणि त्यांनीही आरोळी ठोकली. एकानं खिडकीतून उडी टाकली, ती खाली बांधलेल्या शेळीवर, दिवाणजींच्या. शेळी ओरडली. मग मोठी माणसं हसायला लागली, आक्काही हसल्या. त्यांना आधी कळलंच नाही. कुणीतरी पोर ‘हडळ, हडळ’ म्हणालं तेव्हा कळलं. त्यांनी केस दोन्ही हातांनी गोळा केले, ओलेच अंबाड्यात बांधले आणि डोक्यावर पदर घेतला.

नंतरच्या रविवारी रूळ वाजला नाही. लोक वेळेवर आले नाहीत, कारण वेळ त्या रुळावरच कळायची. तुम्ही स्वतः बाहेर जाऊन तो वाजवलात आणि नीट वाजला नाही. त्या आठवड्यात आम्ही पोरांनी बोळातून जायचं सोडलं होतं. लांबून वळसा घालून शाळेत जायचो. माझ्यापेक्षा धीट होते ते बोळाच्या तोंडाशी उभे राहून ‘देव्वा आली’ ओरडून पळायचे. दिवाणजींनी तुम्हाला देवळाबाहेर गाठलं. ते रागावलेले नव्हते, मला वाटतं त्यांना वाईट वाटत होतं. एवढंच म्हणाले, “मी म्हणालतो न्हवं, भ्या घरात येतंय म्हणून.” तुम्ही मान हलवलीत. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत, आणि मला म्हणालात, चल, चप्पल घाल.

मला जायचं नव्हतं हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही माझा हात धरला नाहीत, नुसते शेजारून चालत राहिलात. आक्का उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. उठायला लागल्या तर तुम्ही उठू दिलं नाही. समोरच्या दगडावर पांढऱ्या कोटासकट बसलात. थोडा वेळ शेंगांचं बोलणं झालं. मग त्याच म्हणाल्या, पोरं भित्यात पाळकसाहेब, मी देवळात येत न्हाय, बाहेरनं गीत ऐकू येतंय मला. तुम्ही जे उत्तर दिलंत ते मी आजवर विसरले नाही, कारण एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

“आक्का, चूक माझी. पोरं भूत बघून भ्याली असती तर माझं काही म्हणणं न्हवतं, ते मीही भ्यालो. पण ती माणूस बघून भ्याली. पडद्यावरचं भ्या पोरं कुणाच्या तोंडाला नेऊन लावतील, याचा मी विचारच केला न्हाय.”

आक्का शेंगा फोडत राहिल्या. मग त्यांनी चांगला डोळा वर करून तुमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “व्हय, पण ती हाय तरी कशी? सगळी मला तिच्यासारखी म्हणत्यात. मला तर दावा की.”

तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी, तंबू उठायच्या आदल्या दिवशी, तुम्ही आक्कांना घेऊन निघालात. आईही आली. तिला तोवर खेळ पाहायचाच होता, नुसतं कारण मिळत नव्हतं. बायकांसाठी दोरी बांधून वेगळी जागा केली होती, तिथं आक्का, आई आणि मध्ये मी. मी आईच्या बाजूला सरकून बसले होते. आक्कांनी आयुष्यात चित्र हलताना पाहिलं नव्हतं. इनामदार पहिल्यांदा दारातून आला तेव्हा त्यांनी त्याला वाट द्यायला पाय आखडून घेतले. चुलतीला बाहेर काढलं तेव्हा त्या त्याला कानडीत काहीतरी बोलल्या, त्यावर आसपासच्या बायकांनी त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. आणि मग पेटीवाल्यानं सगळ्या पट्ट्या दाबल्या, ती झाडामागून निघाली, हात पुढं, बोटं वाकडी. मी डोळे मिटले. आणि शेजारून आक्कांचा आवाज आला, वखारीत हाळी देतात तसा, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असा:

“अय्यो शिवने! अगं, भाकरी मागतीया ती. घाला की कुणी तरी तिला खायला.”

आधी कुणी हसलं नाही. मग पुरुषांच्या बाजूनं पहिलं हसू आलं, ते तुमचं होतं, आणि मग सगळा तंबू हसला. पेटीवालाही वाजवायचा थांबला. मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर ती बाई हात पुढं करूनच उभी होती, आणि खरंच, आप्पा, तो हात मागणाऱ्याचा होता. आम्ही सगळ्यांनी नुसते तिचे केस पाहिले होते. मी शेजारी पाहिलं. आक्कांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, चांगल्या डोळ्यातूनही आणि दुसऱ्यातूनही, आणि त्या हसतही होत्या. परतताना त्यांनी आईला सांगितलं, ती बया माझ्यापरास उंच हाय, आणि केस काय तिचं खरं न्हवंत, ताग हाय.

पुढच्या रविवारी तुम्ही देवळात उभे राहून सांगितलंत की तुमचा निकाल अर्धा चुकला. दिवाणजींचं नाव घेऊन सांगितलंत, ते भ्याबद्दल बोलले ते खरं होतं. भुताला पोरं दोन दिवसांत विसरतात, पण ज्याच्या तोंडावर ते भूत चिकटतं तो माणूस तिथंच राहतो, शेजारच्या बोळात. म्हणून पुढं कधी असला खेळ आला तर पोरांना भीती वाटली का एवढं विचारून भागणार नाही, आता तुम्हाला कुणाची भीती वाटते, हे विचारायला हवं. आणि ज्याची वाटते त्याच्या घरी जाऊन जेवायचं. यावर लोक हसले, पण तुम्ही गमतीनं म्हणाला नव्हता. त्याच दुपारी शब्बाथ शाळेची सगळी पोरं आक्कांच्या बोळात. आत मावेनात म्हणून बाहेर पंगत. आक्का वाढत होत्या, ज्वारीची भाकरी, झुणका, वर तेल-चटणी. पहिल्या भाकरीला पोरं त्यांच्या हाताकडं पाहत होती, दुसऱ्या भाकरीला भाकरीकडं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी मान पुढं केली. त्यांनी भाकरीची टोपली खाली ठेवली, पिठाच्या हातानं माझी रिबीन घट्ट बांधली, आणि म्हणाल्या, आता ओरड की. मी ओरडले. सगळे ओरडले. त्या दिवसापासून तो आमचा खेळच झाला. आक्का केस मोकळे सोडून बोळाच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि आम्ही जिवाच्या आकांतानं पळायचो, पण त्यांच्याकडं.

दिवाणजी पंगतीला आले नाहीत. पण पंगत बसायच्या आधी त्यांच्या वखारीतला गडी डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आला होता आणि ते आक्कांच्या दारात टाकून, कुणी पाठवलं ते न सांगता निघून गेला होता. तुम्ही पोतं पाहिलंत, त्यावरची वखारीची खूण पाहिलीत. संध्याकाळी दिवाणजींच्या घरी जाऊन बसलात, बराच वेळ. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. आईलाही तुम्ही एवढंच सांगितलंत की चहा चांगला होता.

नंतर तुमची खानापूरला बदली झाली. तिथल्या हिवतापानं तुम्हाला नेलं तेव्हा मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. तुमच्याशी मोठ्या माणसासारखं बोलायचं माझं वय नुकतं सुरू होत होतं. त्यामुळं जे प्रश्न मला खरे विचारायचे होते ते पडायला लागेपर्यंत तुम्ही नव्हता. आता मी बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवते. झेंडा बदलला त्याला थोडे महिने झाले. शाळेत गाणी बदलली, तास तेच आहेत. माझी मुलगी ट्रेनिंगला गेलेल्या माझ्याइतकी नाही, पण निपाणीतल्या माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि तिचं नाक अगदी तुमचं आहे. तिचे वडील देवळाच्या पंचांत आहेत. मागच्या महिन्यात कॅम्पातल्या थेटरात भुताचा बोलपट लागला. पंचांची बैठक आपल्याच घरी झाली, मी चहा दिला. सगळं तसंच बोलणं, फक्त आता बाक नाही, खुर्च्या आहेत. शेवटी एकजण म्हणाला, बाईंचे वडील पाळक होते, त्यांनाच विचारा. मी म्हटलं, मी मुलीला घेऊन जाते आणि पाहून सांगते.

गेलो दोघी. बोलपट म्हणजे काय ते तुम्ही ऐकलं नाहीत, आप्पा. तेव्हा पेटी होती, आता भूत स्वतः बोलतं, आणि बोलायच्या आधी श्वास घेतं. मुलगी पुढं झुकून बसली होती. बाहेर पडल्यावर आम्ही सदाशिवनगरच्या बाजूनं चालत आलो. मी तिला पहिला प्रश्न तोच विचारला, आता तुला कुणाची भीती वाटते? तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, गणिताच्या बाईंची, पण ती आधीपासूनच. उद्या त्यांना जेवायला बोलवूया का, असं मी म्हटलं तर ती रस्त्यातच थांबली, माझं हे खरं की काय ते पाहायला. बाई आल्या. तिसरी पुरणपोळी मागून घेतली. आता मुलगी म्हणते, त्या हसतात, हे वर्गात कुणाला खरं वाटत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच शेवटचं लिहायचा धीर होतो. घरी तिच्या वडिलांना आणि मग पंचांना मी सांगितलं की बोलपट मोठ्या पोरांनी पाहायला हरकत नाही, शेवटही चांगला आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, देवळात तसं सांगितलंही. आप्पा, मध्यंतरानंतर मी डोळे उघडलेच नाहीत. शेवट मला मुलीनं सांगितला.